‘ऐकवा’ चालत नाही

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठे मोडतं ते शोधून काढायचं आणि त्यांना तोंडावर सांगायचं, याचा मला येरवड्याची एक कंपनी पगार देते. त्यामुळे कुणी ‘सगळं नीट चाललंय’ म्हणालं की मी आधी विचारते, कुणी तपासलं? माझा नवरा पृथ्वीराज म्हणतो, हा रोग मी अकोल्याहून माहेरच्या भांड्यांबरोबर घेऊन आले. असेलही. पण धायरीच्या सासरी त्याला खतपाणी चांगलं मिळालं, एवढं त्यानेही कबूल करावं.

आमचं घर तीन मजली आहे. आजूबाजूला पूर्वी यांची शेतं होती, आता त्यांच्यावर सोसायट्या उभ्या आहेत. तळमजल्यावर सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर आणि त्याला लागून सासूबाईंची, म्हणजे मुक्ताबाईंची खोली. त्या खोलीच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, आम्ही दोघं आणि आमची मुलगी तनुजा. त्याच्या वर मोठे दीर संतोषदादा आणि जाऊ, ऋतिकाताई. पृथ्वीराजला मी खाली ‘अहो’ म्हणते आणि जिना चढला की ‘अरे’. आजवर पायरी चुकलेली नाही.

ऑफिसात माझ्या जिभेला लोक घाबरतात. घरात मात्र मी मुकी. सासूबाई वाईट आहेत असं मुळीच नाही. त्या बोलतच नाहीत, आणि त्यांचं न बोलणं घरभर ऐकू येतं. मी घासलेलं पातेलं त्या उचलतात, उजेडात धरून बघतात आणि पुन्हा विसळतात. यावर माणसाने भांडायचं तरी कसं? मागे त्यांना मी एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणून दिला. पहाटे त्यावर त्यांचा हरिपाठ लागतो. कसा लावायचा ते दाखवायला पहिल्यांदा मी तो माझ्याच लॅपटॉपला जोडला होता, हौसेने त्याला ‘मुक्ताई’ असं नावही देऊन ठेवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “बरं हाय.” आमच्या घरात याला कौतुक म्हणतात, असं पृथ्वीराजने मला वर आल्यावर समजावलं.

तोंडाने बोलता येत नाही म्हणून मी लिहायला लागले. ‘पाहुणी’ या नावाने माझा एक ब्लॉग आहे. वाचणारे थोडेच, त्यातही निम्म्या माझ्यासारख्या सुना असाव्यात. पृथ्वीराजला ब्लॉग आहे एवढं ठाऊक होतं. वाचण्याचे कष्ट त्याने कधी घेतले नाहीत. बाकी घरात कुणालाही त्याची गंधवार्ता नव्हती.

आणखी एक गोष्ट घरात कुणाला ठाऊक नव्हती. विश्रांतवाडीला आम्ही फ्लॅट बघून ठेवला होता. माझं ऑफिस येरवड्याला, त्याचं खराडीला, आणि धायरीहून तिकडे रोज जायचं म्हणजे सिंहगड रस्त्यावर अर्धं आयुष्य काढायचं. फ्लॅट टू बीएचके. एक बेडरूम आमची, दुसरी तनुजाची, आणि तिच्याच खिडकीशी माझं कामाचं टेबल. बिल्डरच्या नकाशावर मी पेन्सिलने ते टेबल काढूनही ठेवलं होतं. आईंना सांगायचं कसं, हा प्रश्न मात्र आम्ही ‘दिवाळी होऊ दे’ असं म्हणून पुढे ढकलत होतो. पृथ्वीराज म्हणायचा, तू सांग. मी म्हणायचे, आई तुझी आहे, तू सांग.

त्याच सुमाराला माझा ब्लॉग जिथे होता ती जुनी साइट बंद पडायच्या बेताला आली आणि मला ‘ओसरी’चा पत्ता लागला. कर्वेनगरमधली तीन मुलं मराठीत ब्लॉग लिहिण्यासाठी नवं सॉफ्टवेअर बनवत होती. ते अजून पुरतं शिजलेलं नव्हतं. त्याचे कच्चे बिल्ड, म्हणजे अर्धवट आवृत्त्या, ते दर आठवड्याला बाहेर टाकायचे, आणि आमच्यासारख्या हौशी लोकांनी ते आपापल्या लॅपटॉपवर चालवून, काय काय मोडलं ते ग्रुपवर लिहायचं. समर्थ नावाचा मुलगा हे सगळं बघायचा. त्याची पहिलीच सूचना होती की कच्च्या बिल्डमध्ये खरा मजकूर टाकू नका, काहीतरी निरर्थक टाका. लोक ‘कखग कखग’ टाकायचे, नाहीतर शाळेतली प्रतिज्ञा. मी माझे खरे ड्राफ्ट टाकायचे. ‘कखग’मध्ये जोडाक्षरं फुटतात की नाही ते कळत नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. खरं कारण साधं होतं. घरून काम असलं की जेवणानंतर जरा वेळ मिळायचा, त्यात लिहूनही व्हायचं आणि तपासूनही.

‘ओसरी’त एक बटण होतं, ‘ऐकवा’. ते दाबलं की एका बाईच्या आवाजात तुमचा मजकूर वाचून दाखवला जाणार, म्हणजे डोळ्यांतून निसटलेल्या चुका कानांना सापडतील. कल्पना झकास. फक्त ते चालत नव्हतं. बटण दाबलं की हिरवं व्हायचं, एकेक वाक्य पिवळं होत पुढे सरकायचं, आणि लॅपटॉपमधून आवाज म्हणून यायचा नाही. हेडफोन लावून बघितला, काढून बघितला. शुकशुकाट. मी ग्रुपवर लिहिलं, ‘ऐकवा चालत नाही.’ समर्थचं उत्तर आलं, ‘आमच्याकडे चालतंय.’

हे वाक्य या धंद्यात मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हापासून प्रत्येक नव्या बिल्डवर मी पहिलं काम तेच करायचे. ड्राफ्ट उघडायचा, ‘ऐकवा’ दाबायचं, आवाज आला नाही की पुन्हा पहिल्यापासून दाबायचं. दोष दाखवायचा तर तो पुन्हा पुन्हा घडतो हे सिद्ध करावं लागतं. एकदा घडलेलं कुणी मानत नाही.

आणि मग घरात विचित्र गोष्टी घडायला लागल्या.

पहिली कारल्याची. मला कारलं आवडत नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं होतं, आवडतं का? नव्या नवरीने म्हणायचं तेच मी म्हणाले, हो. ते ‘हो’ तेव्हापासून दर मंगळवारी भरून, तळून माझ्या ताटात पडत होतं. यावर मी एक खुसखुशीत ड्राफ्ट लिहिला, तो ‘ओसरी’त टाकला, ‘ऐकवा’ दाबून दमले आणि सोडून दिला. पुढच्या मंगळवारी दोडका आला. मी म्हटलं, मंडईत कारली नसतील. त्याच्या पुढच्या मंगळवारी भेंडी आली.

मग पातेलं. त्या विसळण्यावर मी चांगलं पानभर लिहिलं होतं. दोन दिवसांनी रात्री भांडी आवरताना सासूबाईंनी मी घासलेलं पातेलं उचललं, उजेडात धरलं, नळाकडे हात नेला, आणि तो हात मागे आला. पातेलं फळीवर गेलं. दुसरी एखादी खूश झाली असती. मी ते पातेलं पुन्हा खाली घेऊन स्वतः उजेडात धरून बघितलं.

तिसऱ्यांदा तर हद्दच झाली. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख ‘ही आमची अकोल्याची’ अशी करून देतात, जशी काही मी कापसाची गासडी, असं मी लिहिलं होतं. त्याच आठवड्यात दौंडहून चुलत आत्या आल्या. सासूबाई माझ्याकडे हात करून म्हणाल्या, “ही आमची तेजू. कंपनीत मोठी सायबीन हाय.” आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी चहाच्या ट्रेकडे पाहिलं. कप सांडला नाही हे नशीब.

कुठेतरी पाणी मुरत होतं. यातला एकही ड्राफ्ट मी प्रसिद्ध केलेला नव्हता. ते सगळे माझ्या लॅपटॉपवर होते, लॅपटॉपला पासवर्ड होता, आणि पासवर्ड माझ्या डोक्यात होता. तरी कुणीतरी वाचत होतं आणि वाचून सासूबाईंच्या कानात ओतत होतं. मला भीती वाटली ती कारल्याची नाही. पुढचे ड्राफ्ट विश्रांतवाडीचे होते. सोडून जाण्याबद्दल मी काय काय लिहून ठेवलं होतं ते त्यांना परक्याच्या तोंडून कळलं असतं, तर मला या घरात मान वर करता आली नसती.

पहिला संशय अर्थातच नवऱ्यावर.

“माझा लॅपटॉप उघडतोस का तू?” मी विचारलं.

“माझाच उघडायचा कंटाळा येतो मला,” पृथ्वीराज म्हणाला. “काय झालं?”

“आईंनी कारलं बंद केलं.”

“मग पेढे वाट ना.” तो परत मोबाइलमध्ये गेला. इतका बिनधास्त माणूस चोर नसतो किंवा फार मुरलेला चोर असतो. मी त्याचं नाव खोडलं, पण पेन्सिलने.

दुसरा संशय समर्थवर. फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्याचा काहीतरी डाव असणारच. मी ग्रुपवर सरळ लिहिलं, ‘आमचे ड्राफ्ट तुम्ही वाचता का?’ मग समर्थचा फोन आला.

“मॅडम, ड्राफ्ट तुमच्याच लॅपटॉपवर राहतो. आमच्याकडे येतच नाही.”

“असं तुम्ही म्हणता.”

“कोड उघडा आहे, बघा. आणि खरं सांगू का, आम्हाला तुमचे बग वाचायला वेळ पुरत नाही, ड्राफ्ट कधी वाचणार?” आवाजात दुखावल्यासारखं काहीतरी होतं. मग म्हणाला, “तुमच्या ‘ऐकवा’वर मी काम करतोय. पुढच्या बिल्डमध्ये बघू.” मी त्याचा कोड वाचून काढला. चोरी सापडली नाही. पण न सापडणं म्हणजे नसणं नव्हे, हे मी नव्या पोरांना शिकवते.

त्या शनिवारी मी वर ‘ओसरी’ तपासत बसले होते. पृथ्वीराज गाडी लावून वर आला आणि सहज म्हणाला, “आईकडे कोण बाई आलीय? दार लोटलंय, आतून बोलणं ऐकू येतंय.”

मी तशीच खाली धावले. पोचले तोवर खोलीत सासूबाई एकट्याच होत्या, जपमाळ घेऊन. बाहेर ऋतिकाताई जिन्याच्या पहिल्या पायरीवर चप्पल घालत होती. आता सांगा, मी काय समजायचं? सासूबाई हल्ली दुपारच्या झोपत नव्हत्या हेही माझ्या लक्षात आलं होतं. जेवण झालं की खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. म्हणजे रोज दुपारी तिथे बैठक भरत होती. ऋतिकाताईचं माहेर सदाशिव पेठेतलं, तिखट कानाची, बोलण्यात बर्फ. लॅपटॉप तिने कसा उघडला ते मला सुचेना, पण ती करू शकेल अशी माझी खात्री होत चालली होती.

टाकीची गळती सापडत नसली की पाण्यात नीळ टाकून बघतात. ज्या भिंतीवर निळा डाग उठेल तिथून पाणी मुरतंय. मी नीळ टाकायची ठरवली. सोमवारी, घरून काम होतं तेव्हा, मुद्दाम एक नवा ड्राफ्ट लिहिला. लिहिलं की आम्ही विश्रांतवाडीला जाणार आहोत. हे खरं होतं. पुढे लिहिलं, ‘सासूबाईंना बरोबर न्यायचं नाही, असं ठरलं आहे.’ हे खोटं होतं, असं काही ठरलेलं नव्हतं. पण एवढं झोंबल्याशिवाय चोर तोंड उघडणार नाही असा माझा हिशेब होता. नेमका त्याच दुपारी ‘ओसरी’चा नवा बिल्ड आला. समर्थला ‘ऐकवा’च्या बिघाडाचं रेकॉर्डिंग हवं होतं. मी तोच ड्राफ्ट उघडला आणि बटण दाबत राहिले. आवाज शून्य. पुन्हा पहिल्यापासून. एका रेकॉर्डिंगमध्ये माझा माउस अडखळला म्हणून ते पुसून परत केलं. समर्थला सगळं पाठवून दिलं आणि खाली जायची वाट बघत बसले.

रात्री जेवायला सगळे होते. सासूबाईंनी नेहमीसारखं माझ्या भातावर तूप वाढलं. मग संतोषदादांना म्हणाल्या, “दिवाळीच्या आदी माझ्या खोलीला रंग काढून घे रं. म्या हितंच राहनार हाय.”

“तू कुठे चालली होतीस?” दादांनी विचारलं.

“कुटं न्हाय. तेच सांगते.”

पृथ्वीराज माझ्याकडे बघायला लागला, मी ऋतिकाताईकडे. ती ताटातलं लोणचं बाजूला सारत होती, चेहऱ्यावरची माशी हलली नाही. डाग उठला होता, आणि मला तो तिच्या भिंतीवर दिसत होता. सासूबाईंकडे बघायचं मी टाळलं. ते खोटं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, ते मी लिहिलं होतं, पण रागाच्या भरात मला तेवढं दिसलं नाही. मला चोर हवा होता.

सकाळी मी दुसऱ्या मजल्यावर गेले. ऋतिकाताई गच्चीतल्या तुळशीला पाणी घालत होती.

“माझे ड्राफ्ट वाचून आईंना सांगायचं तुम्हाला काय मिळतं?” मी म्हणाले.

“कसले ड्राफ्ट?”

“माझ्या ब्लॉगचे.”

तिने तांब्या खाली ठेवला. “तुझा ब्लॉग आहे?”

मला मान हलवावी लागली.

“बरं,” ती म्हणाली. “नाव सांगू नकोस. नाहीतर वाचावा लागेल.” मग पुन्हा तांब्या उचलून म्हणाली, “आणि आईंच्या खोलीत मी दुपारी पाऊल टाकत नाही. त्यांच्याकडे कुणीतरी प्रवचनवाली बाई येते. एकच एक वाक्य घोळवत बसते. मला वाटलं तूच ठरवून दिलीस.”

साप साप म्हणून भुई धोपटली, आणि धोपटता धोपटता स्वतःचंच गुपित उघडं केलं. खाली उतरताना माझे कान गरम झाले होते. पण डोक्यात एक वाक्य अडकून राहिलं. एकच एक वाक्य घोळवणारी बाई.

त्याच दुपारी, आठवडा व्हायची वाट न बघता, आणखी एक नवा बिल्ड आला. समर्थने लिहिलं होतं, ‘तेजस्विनी मॅडम, तुमचं बरोबर होतं. ऐकवा लॅपटॉपचा स्पीकर न घेता यादीत आधी सापडेल तो स्पीकर घेतं. तुमच्याकडे दुसरा एखादा जोडलेला आहे का? या बिल्डमध्ये आवाज कुठे जातोय ते खाली लिहून येईल.’

मी बिल्ड चढवला. कालचाच ड्राफ्ट उघडा होता. बटण दाबलं. ते हिरवं झालं, पहिलं वाक्य पिवळं झालं, आणि खाली बारीक अक्षरांत ओळ आली: आवाज येथे सुरू आहे – मुक्ताई.

वाचलं आणि काय वाचलं ते उमगायला एक क्षण गेला. मग मी जिना उतरले तो कसा ते मला आठवत नाही. लॅपटॉप बंद करायचंही सुचलं नाही.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आत ती बाई बोलत होती, सावकाश, स्वच्छ, कुठेही न अडखळता. “सासूबाईंना बरोबर न्यायचं नाही, असं ठरलं आहे.” जोडाक्षर एकही फुटलेलं नव्हतं.

सासूबाई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या. मांडीवर परात, परातीत पावट्याच्या शेंगा. स्पीकर खिडकीत ठेवलेला. मला बघून त्या दचकल्या नाहीत. हाताने ‘थांब’ अशी खूण केली आणि बाईचं बोलणं संपेपर्यंत शेंगा सोलत राहिल्या. कीर्तनात मधेच बोलू नये, तशा.

“आज परत लावलंस व्हय,” आवाज थांबल्यावर त्या म्हणाल्या. “कळलं की मला कालच. म्हनून तर सगळ्यांम्होरं सांगितलं, म्या हितंच राहनार. तू ऐकलं न्हाईस का?”

“आई, हे तुम्ही कधीपासून ऐकताय?”

“कारल्यापासनं.” त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. “पयल्यांदा वाटलं रेडू लागला. मंग ती बाई धायरी म्हनली, मंगळवार म्हनली. तवा ध्यानात आलं, ही आपली तेजू. तोंडावर बोलाया जमत न्हाय, तर मशिनीतनं सांगती. म्हनलं, असू दे. न बोलन्यापरीस बरं हाय.”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

“परत परत लावायचीस,” त्या म्हणाल्या, “मला कमी ऐकू येतं म्हनून. तेवढी काळजी घ्यायचीस. म्हनून म्या बी दुपारची पडायची न्हाय. तू काय सांगशील आन म्या झोपलेली असंन.”

मला रडू फुटलं. ते लपवायलाही जमलं नाही. इतके दिवस मी घरात चोर शोधत होते, आणि खाली ही बाई झोप मोडून माझं ऐकत होती. मी तक्रार लिहायचे, ती दुरुस्त करायची. आमच्या ऑफिसातसुद्धा इतक्या लवकर काही दुरुस्त होत नाही.

“कारलं आवडत न्हाय म्हनून आदी सांगायचं की,” त्या म्हणाल्या. “इचारलं तवा हो म्हनलीस.”

“आई, ते शेवटचं खोटं होतं,” मी डोळे पुसत म्हणाले. “न्यायचं नाही वगैरे. मला वाटलं माझं लिहिलेलं कुणीतरी चोरून वाचतंय. त्याला पकडायला मुद्दाम खोटं लिहिलं.”

त्यांनी हातातली शेंग परातीत ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. चेहरा उजळल्यासारखा झाला. “म्हंजी घर घेतलेलं न्हाय?”

“घर... बघून ठेवलंय. विश्रांतवाडीला. ते खरं आहे.”

“आन मला न्यायचं न्हाय ते खोटं.”

“खोटं. तसं काही ठरलेलं नाही.”

“मंग,” त्या म्हणाल्या, आणि आवाजात कुठेही धार नव्हती, नुसती चौकशी होती, “खोल्या किती हायत तितं?”

“दोन.”

“एक तुमा दोघांची. दुसरी?”

डोळ्यांसमोर तो नकाशा आला. तनुजाचा पलंग, तिचं कपाट, खिडकीशी पेन्सिलने काढलेलं माझं टेबल. रबराने एकदा खोडून, उजेड चांगला येईल म्हणून, पुन्हा नीट काढलेलं. नकाशा किती वेळा आम्ही दोघांनी पसरून बघितला असेल, पण ‘आई कुठे झोपतील’ असं आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघालेलं नव्हतं. चोर पकडायला मी एक खोटं वाक्य लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. ते फक्त कुणी तपासलं नव्हतं.

“दुसरी तनुजाची,” मी म्हणाले. टेबलाचं सांगायची हिंमत झाली नाही.

खिडकीतला स्पीकर गप्प होता. माझ्या हातातला मोबाइल थरथरला. समर्थने विचारलं होतं, ‘आता येतोय का आवाज?’ मी मोबाइल उलटा करून पलंगावर ठेवला.

सासूबाईंनी परात माझ्याकडे सरकवली. मी खाली बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या. बराच वेळ दोघी काही बोललो नाही, पण हे न बोलणं नेहमीचं नव्हतं, यात माझ्या उत्तराची जागा मोकळी ठेवलेली होती.

“आत्ता लगी सांगू नगंस,” शेवटी त्याच म्हणाल्या. “पृथ्वीराजला इचार. दोघं मिळून इचार करा. काय असंल ते म्या ऐकून घेईन, चांगलं असू दे न्हायतर वाईट. पर त्या बाईकडनं नगं सांगूस. खाली ये, हितं बस, आन तुझ्या तोंडानं सांग.”